सेवेचे पाचारण : सीमाभागातील ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतून गेल्या अनेक वर्षांत जे प्रश्न माझ्यापर्यंत आले, ते येथे उत्तरांसह मांडले आहेत. मी दीक्षित पाळक नाही. शाळेत शिकवून निवृत्त झालो आणि त्या काळात मंडळीत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायात, स्थानिक उपदेशक म्हणून सेवा करत राहिलो, त्यामुळे सेमिनरीकडे (पाळक व फादर घडवणाऱ्या विद्यालयाकडे) निघालेली, तिथून परत आलेली आणि निघता निघता थांबलेली मुले-मुली मला जवळून पाहता आली. माझी घडण प्रोटेस्टंट मंडळीतली आहे. कॅथोलिक रीतीविषयी जे लिहिले आहे ते त्या धर्मसभेच्या नियमांना धरून लिहिले आहे.

पाचारण म्हणजे नेमके काय?

पाचारण म्हणजे बोलावणे. मराठी बायबलमुळे हा शब्द आपल्या उपासनेत इतका रुळला आहे की त्याचा साधा अर्थ कधी कधी विसरला जातो. नव्या करारात हा शब्द आधी सर्व विश्वासणाऱ्यांसाठी येतो, म्हणजे ख्रिस्ताच्या मागे जाण्यासाठी प्रत्येकाला बोलावलेले आहे, मग तो उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरणारा असो की वडगावात मागावर बसणारा. याच सर्वसाधारण बोलावण्याच्या आत काहींना विशिष्ट कामासाठी बोलावले जाते : वचनाची सेवा, मंडळीची पाळकी, संस्कारांची सेवा, मठातले समर्पित जीवन, आजाऱ्यांची शुश्रूषा. आपण बोलताना ‘त्याला पाचारण आहे’ असे या दुसऱ्या अर्थानेच म्हणतो. ते चूक नाही, पण त्यामुळे बाकीच्यांना पाचारण नाही असा जो ग्रह होतो तो मात्र चुकीचा आहे.

देवाचा आवाज कानांनी ऐकू येतो का?

माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना आला नाही. ज्यांना आला असे ते सांगतात, त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. पण शमुवेलाची गोष्ट नीट वाचली तर आवाज आला म्हणून प्रश्न सुटतो असे दिसत नाही. मुलगा मंदिरात झोपला आहे, हाक येते आणि तो धावत वृद्ध याजक एलीकडे जातो. असे तीनदा होते. हाक खरी आहे, ऐकणारा प्रामाणिक आहे, तरीही ती कोणाची हे त्याला कळत नाही. ते कळते एलीला, ज्याची दृष्टी मंदावली आहे आणि ज्याच्या घरात त्याच्याच मुलांनी अनाचार माजवला आहे. तो म्हातारा त्याला सांगतो, पुन्हा हाक आली तर म्हण, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ पुढच्या सगळ्याच उत्तरांत मला ज्या मुद्द्याकडे पुन्हा पुन्हा यावे लागणार आहे तो इथे आहे : हाक एकट्याला येते, पण ती ओळखायला दुसरे माणूस लागते, आणि ते माणूस निर्दोष असतेच असे नाही.

मनात ओढ आहे, पण ती पाचारणाची आहे की तात्पुरत्या उत्साहाची, हे कसे ओळखावे?

मे महिन्यातल्या युवक शिबिरात शेवटच्या रात्री दिवे मंद करून गाणी म्हटली जातात आणि ‘कोण जाईल?’ असे विचारले जाते, तेव्हा दहा हात वर होतात. मी त्या हातांना खोटे म्हणत नाही. मात्र जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू होऊन पाऊस लागल्यावर त्यांतले किती जण रविवारी सकाळी उपासनेच्या आधी येऊन सतरंज्या टाकतात, हे मी पाहतो. ओढ टिकते का, आणि कोणी पाहत नसताना ती हाताला काम देते का, या दोन गोष्टींना मी भावनेच्या तीव्रतेपेक्षा जास्त महत्त्व देतो. किमान एक वर्ष तरी ही ओढ सुखात, आजारपणात, कंटाळ्यात आणि मंडळीतल्या भांडणात तशीच राहते का ते पाहावे, आणि त्या वर्षात सेमिनरीचा अर्ज भरण्याची घाई करू नये.

दुसरी एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितो. नोकरी लागत नाही, स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश आले, आखातात जायचे कागद फसले, आणि मग ‘प्रभूने ही दारे बंद केली, म्हणजे त्याला मी सेवेत हवा आहे’ असे अनुमान काढले जाते. देव बंद दारांतून बोलत नाही असे मी म्हणणार नाही. पण अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा, की उद्या सकाळी चांगल्या पगाराचे नेमणूकपत्र आले तर मी काय करीन? उत्तर देताना जीभ अडखळली तर थोडे थांबावे. याच्या उलट, चालू कामात बरे चाललेले असताना ज्याला ओढ लागते, त्याची ओढ मला नेहमी जास्त भरवशाची वाटली आहे. पेत्र आणि अंद्रिया जाळे टाकत होते, याकोब आणि योहान जाळी नीट करत होते, मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता. रिकामटेकडा यांतला कोणीच नव्हता.

मग पाचारण खरे आहे हे शेवटी ठरवते कोण?

मंडळी ठरवते, निदान मंडळीवाचून ते ठरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास आणि उपासना करत असताना पवित्र आत्मा बर्णबा व शौल यांना वेगळे करण्यास सांगतो, आणि मंडळी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवते. हा शौल म्हणजे पुढचा पौल, दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश पाहिलेला माणूस. त्याच्याइतके नाट्यमय पाचारण दुसऱ्या कोणाचे नसेल, तरी त्यालाही आधी हनन्या नावाच्या शिष्याच्या हातून दृष्टी आणि बाप्तिस्मा मिळाला, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी मंडळीने पाठवावे लागले.

दीक्षाविधीत हेच आजही जपले आहे. कॅथोलिक गुरुदीक्षेत, म्हणजे फादर होण्याच्या विधीत, बिशप उमेदवाराच्या योग्यतेविषयी विचारतात, आणि ख्रिस्ती लोकांमध्ये चौकशी केल्यावर हा योग्य आढळला, अशी साक्ष दिली जाते. त्यानंतरच पुढचा विधी होतो. मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेत तर पहिले पाऊलच स्थानिक मंडळीच्या शिफारशीचे असते. म्हणून ‘मला प्रभूने थेट सांगितले आहे, माणसांच्या परवानगीची गरज नाही’ हे वाक्य ऐकले की मी सावध होतो. ते वाक्य बहुधा अशा माणसाच्या तोंडून येते ज्याला आधीच्या मंडळीत कोणीतरी ‘नाही’ म्हटलेले असते.

मंडळी चुकत नाही का? चुकते. नातेगोते पाहून शिफारस होते, गटबाजीपायी चांगला मुलगा अडवला जातो, हे मी पाहिले आहे. अशा वेळी वाट पाहावी, आणि दुसऱ्या जाणत्या सेवकाकडे जाऊन मन मोकळे करावे. पाचारण खरे असेल तर ते दोन वर्षे थांबल्याने शिळे होत नाही.

आईवडिलांचा विरोध आहे. काय करावे?

खानापूर तालुक्यातल्या एका घरी मी याच कारणाने गेलो होतो. मुलगा एकुलता एक, भाताची दोन एकर जमीन, वडील दम्याने बेजार. आई पडवीत सुपात तांदूळ पाखडत बसली होती आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘‘देवानं त्याला बोलावलंय म्हणं. मला कुणी विचारलं काय?’’ सुपातले खडे ती एकेक करून उंबऱ्यापलीकडे टाकत होती. मी पाठ करून गेलेले एकही वचन त्या क्षणी उपयोगाचे वाटले नाही.

या प्रश्नाला दोन वचने दिली जातात, आणि ती शेजारी ठेवून वाचायला हवीत. लूकच्या नवव्या अध्यायात येशू म्हणतो की नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्यास उपयोगी नाही. ते कठोर आहे आणि ते मऊ करण्याचा मला अधिकार नाही. पण पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात अलीशा बारा जोड्यांनी शेत नांगरत असतो, स्वतः बाराव्या जोडीवर असतो, आणि संदेष्टा एलीया त्याच्यावर आपला झगा टाकतो. अलीशा म्हणतो, आईबापांचे चुंबन घेऊन येतो. तो जातो, बैलजोडी कापतो, जोखडाची लाकडे जाळून मांस शिजवतो, लोकांना जेवू घालतो आणि मग एलीयामागे जातो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला या कृतीचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही : ज्याने बैल कापले आणि औत जाळले तो परत येणार नाही. पण तो न सांगता पळालाही नाही. घराचा निरोप त्याने गावजेवण घालून घेतला.

म्हणून माझा सल्ला असा की आधी घरात बोलावे, एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची व शेताची काय व्यवस्था होणार हे कागदावर मांडून बोलावे. त्या खानापूरच्या मुलाने जमीन चुलतभावाला वाट्याने दिली, बहिणीच्या घरी वडिलांची सोय लावली आणि दीड वर्षाने तो गेला. आईने होकार शेवटपर्यंत दिला नाही, पण निघताना तांदळाची पिशवी मात्र दिली.

आणि पत्नीची किंवा पतीची संमती नसेल तर?

तर थांबावे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना त्यांनी त्या निर्णयात सामील करून घेतले नव्हते. त्यानंतरची ताटातूट काही वर्षे चालली, आणि १९०० साली लक्ष्मीबाई स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. शेवट गोड झाला म्हणून ती मधली वर्षे अनुकरणीय ठरत नाहीत. विवाहित पाळकाच्या सेवेचा अर्धा भार घरातल्या दुसऱ्या माणसावर पडतो, हे उमेदवार पारखणाऱ्या निवड समितीलाही ठाऊक असते, आणि ती जोडीदाराशी वेगळे बोलू इच्छिते.

मला चार लोकांत बोलता येत नाही. मी सेवा कशी करणार?

मोशेनेही हीच सबब सांगितली होती, आणि त्याला बोलण्यासाठी अहरोन मिळाला. शिवाय सेवा म्हणजे केवळ उपदेश नव्हे. आजाऱ्याच्या उशाशी गप्प बसता येणे ही वक्तृत्वाहून दुर्मीळ देणगी आहे.

वयाची अट असते का?

बायबलमध्ये नाही : यिर्मया ‘मी केवळ बाळ आहे’ म्हणाला, अब्राहाम निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. संस्थांच्या अटी मात्र असतात. कॅथोलिक नियमांनुसार गुरुपदासाठी किमान पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि संन्यस्त जीवनाच्या नवदीक्षेसाठी, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीच्या काळासाठी, किमान सतरा. प्रोटेस्टंट मंडळ्यांची वयोमर्यादा ज्या त्या कॉन्फरन्सच्या किंवा डायोसिसच्या (मंडळ्यांच्या प्रादेशिक विभागाच्या) कार्यालयात विचारावी.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक होण्याची वाट कशी असते?

आपल्या भागात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली बेळगावात सुरू झाले आणि १९०४ साली ते मेथॉडिस्ट मिशनकडे गेले; त्यामुळे मराठी-कन्नड मेथॉडिस्ट मंडळ्या इथे जुन्या आहेत. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या मंडळ्याही आहेत, आणि कोल्हापूरच्या बाजूला गेले की चर्च ऑफ नॉर्थ इंडिया लागते. तपशील वेगवेगळे असले तरी वाट साधारण सारखी आहे : स्थानिक मंडळीची शिफारस, निवड समितीपुढे मुलाखत, ईश्वरविज्ञानाचे शिक्षण, काही काळ परिवीक्षेवर काम, मग डीकन ही दीक्षेची पहिली पायरी आणि त्यानंतर पूर्ण दीक्षा. या मंडळ्यांच्या अनेक सेमिनरी ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या श्रीरामपूर सिनेटशी संलग्न आहेत (हे श्रीरामपूर बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नव्हे, हा घोळ घालून एका पालकाने चुकीच्या गाडीची चौकशी केली होती), आणि बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) या पदवीचा अभ्यास साधारण चार ते पाच वर्षांचा असतो. मराठीतून शिकायचे तर पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी, कन्नडमधून शिकायचे तर मंगळूरचे कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज, अशी आपल्याकडच्या उमेदवारांची विभागणी होते. कोणत्या सेमिनरीत जायचे हे बहुतेक वेळा पाठवणारी मंडळी ठरवते, आणि खर्चही काही अंशी तीच उचलते. स्वतःच्या पैशाने परस्पर पदवी घेऊन आलेल्याला पुढे दीक्षा मिळेलच असे गृहीत धरू नये.

कॅथोलिक धर्मसभेत फादर किंवा सिस्टर व्हायचे असल्यास?

आधी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांशी बोलावे. ते बेळगाव धर्मप्रांताच्या पाचारण-संचालकाकडे नेतील. हा धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. धर्मप्रांतीय फादर आणि संन्यस्त संघांचे फादर यांतला फरक उमेदवारांनी सुरुवातीलाच समजून घ्यावा, कारण पुढे त्यावर बरेच अवलंबून असते. धर्मप्रांतीय फादर ब्रह्मचर्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतात व त्याच धर्मप्रांतात सेवा करतात. संघात जाणारे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात आणि त्यांना संघ जगात कुठेही पाठवू शकतो. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास नियमाने आवश्यक आहे. आधीची तयारी आणि मधले प्रत्यक्ष सेवेचे वर्ष धरले तर प्रत्यक्षात काळ त्याहून लांबतो. मुलींसाठी नवदीक्षेचा काळ किमान बारा महिन्यांचा असतो, त्यानंतर तात्पुरती व्रते, आणि आजन्म व्रते त्याच्या काही वर्षांनंतर. या दीर्घ मुदतीला पालक वैतागतात. मला ती या व्यवस्थेतली सर्वांत दयाळू गोष्ट वाटते, कारण शेवटच्या पायरीपर्यंत मागे फिरण्याचे दार उघडे असते.

स्त्रियांना दीक्षा मिळते का?

कॅथोलिक धर्मसभेत गुरुदीक्षा पुरुषांनाच दिली जाते. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ सालापासून स्त्रियांना दीक्षा दिली आहे आणि २०१३ साली तिथे पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. नियम असणे आणि गावची मंडळी बाईंना पाळक म्हणून मनापासून स्वीकारणे यांत अजून अंतर आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस रोमच्या मंडळीकडे करतो. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला उभे केलेले मुक्ती मिशन, तसेच त्यांनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, यांना दीक्षेची पाटी लागली नव्हती. रमाबाईंचा जन्म कर्नाटकातला आणि सेवा महाराष्ट्रातली, हे सीमेवरच्या मुलींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मी मराठी आहे. सेवा कन्नड भागात मिळाली तर?

मिळेल, असे धरूनच चाला. मेथॉडिस्ट पाळकाची नेमणूक बिशप करतात, आणि आज शहरातल्या मराठी मंडळीत असलेला सेवक उद्या अशा गावी जाऊ शकतो जिथे त्याला पाळक नव्हे तर ‘सभापालक’ म्हणतात. सीमेच्या वादात आपापली मते असतील. ती घरी ठेवावीत असे मी म्हणत नाही, पण ती घेऊन आजाऱ्याच्या खोलीत जाता येत नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. तरुणपणी अथणीकडच्या एका गावी एका वृद्ध बाईंसाठी प्रार्थना करायला गेलो होतो. अंगणात पोरांचा गलका होता म्हणून आत गेल्यावर मी दार लोटून घेतले. त्या माझा हात धरून दोनतीनदा म्हणाल्या, ‘‘बागला मुच्चब्याड.’’ मला वाटले, प्रार्थनेची विनंती करत आहेत. मी मान डोलावली आणि शुद्ध ग्रांथिक मराठीत चांगली दहा मिनिटे प्रार्थना केली. बाहेर आल्यावर सुनेने सांगितले, त्या म्हणत होत्या, दार लावू नकोस. संध्याकाळची वेळ होती, मुलगा कारखान्यातून येईल म्हणून त्या दाराकडे डोळे लावून पडल्या होत्या, आणि मी नेमके तेच बंद केले होते. त्यानंतरच्या आठवड्यात मी कन्नड मुळाक्षरांची पाटी आणली.

पाळकाला पगार किती मिळतो? घर चालते का?

मंडळी मोठी की लहान यावर ते फार अवलंबून आहे. राहायला घर मिळते, मानधन बेताचे असते, आणि ग्रामीण मंडळीत ते वेळेवर येतेच असे नाही. कर्ज डोक्यावर घेऊन सेवेत येऊ नये. आधी ते फेडावे. टिळकांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, हा दाखला काही जण मोठ्या आवेशाने देतात, पण तो निर्णय त्यांनी दोन दशकांहून अधिक सेवेनंतर घेतला होता, पंचविशीत नव्हे.

नोकरी किंवा शेती सांभाळून सेवा करता येते का?

करता येते, आणि आपल्या भागाला तिचीच जास्त गरज आहे. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. स्थानिक उपदेशक, शब्बाथशाळेचे शिक्षक, धर्मशिक्षण देणाऱ्या बायका, प्रभुभोजनानंतर घरी अंथरुणावर असलेल्यांकडे जाणारे वडीलजन यांच्यावाचून कोणतीही मंडळी महिनाभर चालणार नाही. बेळगावातच १८३१ साली जन्मलेले आणि १८५४ साली इथेच बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी काही वर्षे पुण्यात पाळक होते. पुढे त्यांनी ते काम सोडून लेखनालाच आपली सेवा मानले. विधवांच्या दुःखावर त्यांनी १८५७ साली लिहिलेली कादंबरी मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांत गणली जाते. पाळकपद सोडले म्हणजे पाचारण सोडले, असे त्यांच्या बाबतीत म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

मी नुकताच विश्वासात आलो आहे. लगेच सेवेत जाऊ का?

नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि बाहेरच्या लोकांतही त्याची साक्ष चांगली असावी असेही. या दुसऱ्या अटीकडे आपण फार दुर्लक्ष करतो. शिवाय कर्नाटकाचे धर्मांतराविषयीचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केले आणि २०२२ साली त्याचा कायदा झाला. त्यात आमिष, फसवणूक व बळजबरी यांवर शिक्षा आणि पूर्वसूचनेची तरतूद आहे. सेवेत उतरणाऱ्याने कायद्याची आजची स्थिती वकिलाकडून समजून घ्यावी, ऐकीव माहितीवर वागू नये.

सेमिनरीत गेलो, पण आता वाटते की हे आपले नाही. परत आलो तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणतील. पहिले सहा महिने फार म्हणतील. तरीही, नको असलेली दीक्षा घेण्यापेक्षा ते सोसावे. तिथल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाशी आधी मोकळेपणाने बोलावे, परीक्षेच्या आठवड्यात किंवा वॉर्डनशी भांडण झाल्याच्या रात्री निर्णय घेऊ नये, आणि निर्णय झाल्यावर आपल्या मंडळीला स्वतः सांगावे. परत आलेल्या मुलाला टोमणे मारणाऱ्या मंडळ्यांना माझे सांगणे आहे, की त्याला पुढच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायला द्या.

मग मी आज काय करू?

ज्यांच्यापुढे खोटे बोलता येत नाही अशा एका वडीलधाऱ्या माणसाला भेटा आणि मनातले सांगा. मंडळीत सध्या कोणाला कोणते काम नको आहे ते विचारा, आणि ते एक वर्ष करा. दररोज बायबलचा एक अध्याय वाचा. शक्य असेल तर आठवड्यातून एक कन्नडमधून वाचा, कितीही अडखळलात तरी. पाळकांबरोबर एकदा तरी सरकारी इस्पितळातल्या वॉर्डात आणि एकदा तरी दफनभूमीवर जा. वर्षअखेरीस त्याच वडीलधाऱ्या माणसाकडे परत जा, आणि या वेळी तुम्ही कमी बोला. त्यांना या वर्षात तुमच्यात काय दिसले, ते ऐका.